भाजलेल्या मातीतली हळद

आमच्या बाबांनी एकदा माती भाजली होती. अंगणात तीन दगडांची चूल मांडून, उभ्या कापलेल्या पिंपात, शिरा करायचा असल्यासारखी उलथन्याने खालीवर करत. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, पण का? मीही तेव्हा हेच विचारलं होतं, फक्त हसले नव्हते. मी मुळातच तापट. नाकावर माशी बसू देत नाही असं लोक म्हणतात; आमच्या घरी म्हणायचे, बसलीच तर त्या बिचाऱ्या माशीचं काही खरं नाही.

आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आईबाबा मूळचे वर्ध्याकडचे. लग्न झाल्या झाल्या बाबांना इथे दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते पुण्यात आले ते आलेच. ताई आणि मी इथेच जन्मलो, त्यामुळे शाळेत आम्हाला 'वऱ्हाडी' म्हणायचे आणि सुट्टीत वर्ध्याला गेलं की 'पुणेरी'. दोन्हीकडे ती शिवीच होती.

बाबांचं काम ज्या भागात होतं तिथे शिरण्याआधी काडेपेटी गेटवर ठेवायची, घरचे कपडे उतरवून तिथले चढवायचे, बूटसुद्धा तिथलेच, खिळे नसलेले. वाळूचा कणही आत जाता कामा नये. कण घासला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की संपलंच. बाबांनी हा नियम जन्मभर पाळला आणि ठणठणीत राहिले, त्यामुळे स्वच्छतेवरून त्यांच्याशी वाद घालायची सोयच नव्हती. घरी आले की लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. जेवणाआधी पुन्हा धुवायचे. जेवल्यावर हात धुऊन झाले की नळाची तोटीही धुवायचे, कारण ती मघाशी खरकट्या हाताने सोडली होती. अंगणातल्या विटांना, झाडांच्या बुंध्यांना, कपडे वाळत घालायच्या खांबांना, सगळ्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. आई म्हणायची, मी एका जागी फार वेळ उभी राहिले तर मलाही मारतील.

बाबांच्या हुकमाबाहेरची एकच जागा होती, आईचा हळदीचा वाफा. खाटेएवढा, मोरीच्या शेजारी. आई लग्न करून निघाली तेव्हा माहेरच्या शेतातलं हळदीचं बेणं, अंगच्या मातीसकट फडक्यात बांधून तिच्या ओटीत घातलं होतं. पुढे मामांनी ते शेत विकलं, सगळे पोटापाण्यासाठी पांगले आणि तिकडचं बेणंही संपलं. आईच्या माहेरचं जे काही जगात उरलं होतं ते खडकीत आमच्या मोरीपाशी होतं. ताई जन्मली तेव्हापासून आईचं एकच म्हणणं, हिच्या लग्नात हिच्या अंगाला हीच हळद लागणार, बाजारची नाही. आई हट्टी बाई नव्हती. कधी साडी मागितली नाही, कधी महाबळेश्वर म्हणाली नाही. हा एवढा एकच हट्ट तिने धरला होता.

त्या वाफ्यात आई वाटेल ते टाकायची. चहाचा चोथा, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, पालापाचोळा, गवळ्याकडचं शेणखत. दरवर्षी पावसाळ्यात एखाददुसरं झाड पिवळं पडायचं आणि बुडाशी कुजायचं. आई ते उपटून फेकायची आणि म्हणायची, "हे देवाचं." बाकीची हळद जशीच्या तशी उभी राहायची. देव दरवर्षी एखाददुसऱ्या झाडावरच का थांबतो, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता.

मग ताईचं लग्न ठरलं. तो काळ कॉम्प्युटरचा. गल्लोगल्ली क्लास निघाले होते; पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरही एक होता आणि तिथल्या मुली बाहेर पडल्या की केसांवर पीठ असायचं. ताई एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती, होणारे भाऊजीही त्यातलेच. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर भंजाळणार होते म्हणे, ते भंजाळू नयेत म्हणून भाऊजींना अमेरिकेला बोलावणं आलं होतं. लग्न संक्रांतीनंतर लगेच करायचं आणि दोघांनी विमानात बसायचं, असं ठरलं. मी मात्र मायक्रोबायॉलॉजी शिकत होते आणि घरात तो चेष्टेचा विषय होता. बाबा म्हणायचे, "जंतूंवर कुणाचं पोट भरलंय? जंतूंचं आपल्यावर भरतं."

बाबांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्यांना गोदामाच्या कामाला लावलं होतं, चारला घरी यायचे आणि मग करायला काही नसायचं. पट्टे मारून झालेले. वैशाखात आई हळद लावायच्या तयारीला लागली तेव्हा ते पहिल्यांदा वाफ्याजवळ उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ फोडलं आणि त्यांना आत बुरशीचे पांढरे धागे दिसले. झालं. जिच्या अंगाला ही हळद लागणार ती आपली थोरली, आणि मातीत ही अशी घाण? या वर्षी देवालाही एक झाड मिळायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. हे सगळं मायेपोटी चाललं होतं, म्हणून तर कुणाला अडवता येईना.

त्यांनी वाफा हातभर खोल उकरला. माती वाळूच्या चाळणीतून चाळली. चाळणीवर जे राहिलं, म्हणजे जुनी मुळं, काड्या, न फुटणारी ढेकळं, ते सगळं कुंपणाच्या भिंतीपलीकडे भिरकावलं. पलीकडे फिटरकाका राहायचे, बाबांच्याच कारखान्यातले, मूळ पुण्याच्या पेठेतले. त्यांचं अंगण म्हणजे गंजलेल्या सायकली, फुटके माठ आणि रानासारखा माजलेला अळू. त्यांच्याबद्दल बाबांनी आजवर एकही चांगला शब्द काढला नव्हता. फिटरकाका भिंतीशी आले आणि अतिशय आदराने त्यांनी विचारलं, आपली भिंत अलीकडे बुटकी झाली आहे का? बाबा चाळणी हलवत राहिले. मग काकांनी तो सगळा कचरा फावड्याने अळवात ओढून घेतला.

राहिलेली माती पिंपात चढली. आई बाजारातून आली, दारातच थांबली आणि पिशवी खाली न ठेवता बघत राहिली.

"अहो, तुम्ही मातीले भाजून राहिले का?"

एरवी आई पुण्याचं मराठी बोलायची. फार धक्का बसला तरच वर्धा बाहेर यायचं. बाबांनी शांतपणे समजावलं की जंतू मेले पाहिजेत, आणि ते मेले हे कळायला त्यांनी मातीत एक बटाटा पुरला आहे. बटाटा शिजला की माती शिजली. क्वार्टर्समधली निम्मी माणसं कुंपणावर टेकून बघत होती. बटाटा शिजला. आणि वाळूच्या कणाला घाबरणाऱ्या आमच्या बाबांनी तो बाहेर काढून, सोलून, मीठ लावून सगळ्यांसमोर खाल्ला.

माती निवली तेव्हा चहाच्या भुकटीसारखी दिसत होती. ना धागा, ना किडा, ना काडी. वाफ्याला नव्या विटा, विटांना नवे पट्टे. आईने बेणं लावलं आणि हळद अशी काही उगवून आली की विचारू नका. गणपतीपर्यंत पानं माझ्या कमरेला लागत होती. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत. आईला चोथा टाकायची बंदी होती आणि ताकाचं भांडं आता नळावर धुतलं जाई. आई काही म्हणायची नाही, कारण हळद खरोखरच कधी नव्हे इतकी देखणी झाली होती.

नवरात्रात पहिलं झाड पिवळं पडलं. आईने उपटलं, "हे देवाचं" म्हणाली. त्याला लागून असलेलं दुसरं गेलं. मग तिसरं. मग रांगच लागली. झाडाला हात लावला की ते विरोध न करता हातात यायचं, खालचा कंद मऊ, घाण वास मारणारा. बाबांनी ब्लीचिंग पावडर आणली, ती मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. आई मागच्या पायरीवर बसून दुपारचा चहा प्यायची, तिने तिथे बसणं सोडलं. एकदा फक्त एवढंच म्हणाली, "देवाले यंदा लय भूक लागली." मला तिच्याकडे बघवेना. बाबांचा असा राग आला होता की त्यांच्याशी बोलायचं झालं तर मी ताईमार्फत बोलत होते.

एक कुजका कंद आणि मूठभर भाजलेली माती डब्यात घालून मी कॉलेजात सरांकडे नेली. सरांनी वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, मातीला काय केलंत? मी सांगितलं. सरांना हसू आवरेना. तो बटाट्याचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग हसणं थांबवून त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकात वाचलेलंच होतं, पण पुस्तकातली गोष्ट आपल्या मोरीपाशी घडेल असं कुणाला वाटतं? झाडाची मुळं मातीत साखर आणि काय काय पाझरत असतात. त्या खाऊवर मुळांभोवती जंतूंची, बुरश्यांची दाट वस्ती बसते. कुजवणारी बुरशी कुठूनही आली तरी तिला बसायला जागा मिळत नाही, खायला उरत नाही, आणि त्या वस्तीतले काही असे खवट असतात की तिच्यावर विष सोडतात. कूज बेण्यातूनच येत होती, दरवर्षी येत होती. आईच्या मातीत तिला एखाददुसऱ्या झाडापलीकडे कुणी सरकू देत नव्हतं. बाबांनी ती सगळी वस्ती भाजून काढली होती आणि कूज मोकळ्या मैदानात शिरली होती.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं, म्हणजे ओरडूनच सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले की जंतू म्हणजे जंतू, चांगला जंतू असं काही नसतं. मला काही ते सोडायचं नव्हतं. फिटरकाका कामावर गेलेले पाहून मी भिंतीवरून वाकले आणि अळवाच्या बुडाची मूठभर माती उचलली. प्रयोगशाळेत काचेच्या दोन बशा केल्या. एकीत नुसती कुजवणारी बुरशी मधोमध ठेवली. दुसरीत मधे तीच बुरशी आणि कडेने अळवाच्या मातीतले जंतू. त्यांत वाढ झाल्यावर त्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या. आईने त्या स्वयंपाकघरात येऊ दिल्या नाहीत, म्हणून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर मांडल्या.

बाबांनी आधी हात धुतले. मग चष्मा लावला, हात मागे बांधले आणि वाकून बघू लागले, कारखान्यात माल तपासतात तसे. पहिली बशी पांढऱ्या कापसाने काठोकाठ भरली होती. दुसरीत कापूस मधेच अडला होता, आणि तो आणि कडेचे पिवळसर ठिपके यांच्यामध्ये स्वच्छ रिकामा पट्टा होता. बाबांनी मागचा एक हात सोडवून त्या पट्ट्यावर बोट रोखलं.

"हा इथे का थांबला?"

"थांबला नाही, त्याला थांबवलंय."

"कुणी?"

"या पिवळ्यांनी. हे फिटरकाकांच्या अळवातले. म्हणजे आपलेच, तुम्ही भिंतीपलीकडे फेकलेत ते."

ते सरळ उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला. "म्हणजे चोर यायच्या आधी मी गेटवरचे सगळे दरबान घरी पाठवले," ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण बाबा एवढेसे दिसायला लागले होते आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

रविवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, एकात एक घालून घमेली घेतली आणि पलीकडे निघाले. मी मागोमाग गेले, कारण मला ते चुकवायचं नव्हतं. फिटरकाका व्हरांड्यात पेपर वाचत होते. बाबांनी घसा साफ केला. म्हणाले, मागे माझ्याकडून काही कचरा इकडे आला होता, तो परत मिळाला तर बरं होईल. काकांनी पेपरची घडी घातली. ती घडी घालायला त्यांनी जितका वेळ लावला तितक्यात एखाद्याने अख्खा पेपर वाचून काढला असता.

"म्हणजे माती हवी आहे आपल्याला. भाजून देऊ, की कच्ची?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. आता हे घमेली आपटून परत फिरणार, अशी माझी खात्री झाली.

"कच्चीच द्या," बाबा म्हणाले. "मुलीच्या हळदीसाठी हवी."

काका उठले. त्यांनी लेंगा वर खोचला, फावडं घेतलं आणि स्वतःच्या हाताने चांगला तरारलेला अळू उपटून खालची काळी, काड्याकुड्यांनी भरलेली माती उकरून दिली. घमेली भरत गेली. शेवटचं उचलून देताना मात्र त्यांना राहवलं नाही. घमेलं धुऊन आणलेलं दिसतंय, एवढं ते म्हणालेच.

कुजलेली झाडं आम्ही उपटून लांब टाकली. उरलेल्यांच्या बुडाशी ती माती आणि शेणखत कालवून भरलं. शेणखत बाबांनी हाताने कालवलं, तोंड दुसरीकडे वळवून. त्या दिवसापासून चहा झाला की चोथ्याचं भांडं घेऊन ते स्वतः वाफ्यावर जायचे. आज ताकाचं भांडं विसळलं का, असं आईला विचारायचे आणि ती नाही म्हणाली तर तोंड पाडायचे. सरांनी मला बजावलं होतं की बशीत जे होतं ते मातीत होईलच असं नाही, आशा बेतानेच ठेव. ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. आणखी काही झाडं गेलीच. रोज सकाळी बाबा, आई आणि मी ओळीने उभे राहून पानं न्याहाळायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. मग वाफ्याच्या मध्यावर येऊन कूज थांबली. पलीकडची अर्धी हळद हिरवी राहिली. मी नाचत सरांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, पाऊसही थांबला होता ना गं, सगळं श्रेय लाटू नकोस. सर मला आवडायचे ते त्यांच्या असल्या बोलण्यामुळेच, पण त्या दिवशी नाही आवडले.

संक्रांत झाली आणि हळद खणली. दरवर्षी सुपं भरायची, या वर्षी एक सूप अर्धं भरलं. आईने आधी बेण्यासाठी कंदाची चार बोटं बाजूला काढली, मग उरलेली ओंजळीत घेऊन अंदाज घेतला आणि म्हणाली, एक वाटी होते, पुरेल. तिच्या आवाजावरून कळलं की इतके दिवस ती काय धरून बसली होती. मोरीवर बसून ती काथ्याने कंद घासायला लागली. बाबा मागे उभे होते.

"फार घासू नको," ते म्हणाले. "थोडी माती राहू दे."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग काथ्या बाजूला ठेवला.

हळदीच्या दिवशी आईने ती ओली हळद पाट्यावर वाटली. अंगणात ताईला पाटावर बसवलं. सवाष्णींनी हळद लावली, मग आई, मग आईने बाबांना हाक मारली. बाबा सवयीने नळाकडे वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. दोन्ही तळहातांवर हळद घेऊन त्यांनी ताईच्या गालांना लावली आणि हात तसेच गालांवर ठेवून उभे राहिले, बायका हसायला लागल्या तरी. दोन आठवड्यांनी ती साता समुद्रापलीकडे जाणार होती. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही दिसलं नाही, कारण मला समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं.

मग पंगत बसली. बाबांच्या शेजारी फिटरकाका. आई वाढत होती. काकांनी बाबांच्या हातांकडे पाहिलं, पिवळेधमक, नखांच्या कडेला काळी माती, आणि हळूच म्हणाले, "हात धुवायचे राहिले आपले."

बाबांनी तळहात पुढे धरून पाहिले.

"राहू द्या," ते म्हणाले आणि मानेनेच आईकडे खूण केली. "तिच्या माहेरची आहे."

आणि त्याच हाताने त्यांनी वरणभात कालवला.